तक्ता क्रमांक दोनशे चौदा

ओकोतितान, ४ सप्टेंबर २०१४

दुलिया,

आरंभी आशीर्वाद लिहायची रीत आहे. पण आठ वर्षांनी आलेल्या पत्राला उत्तर देताना माझे आशीर्वाद तुला चालतात की नाही हे कळायला मार्ग नाही, म्हणून तेवढी जागा कोरी सोडली आहे. वाटलं तर भरून घे.

"फेर्मीन, काम आहे म्हणून लिहितेय, उगाच गैरसमज नको," हे तुझं पहिलं वाक्य. पूर्वी मी दादा होतो. पदावनती मान्य आहे. दुसरं वाक्य त्याहून सरळ: "तू तीस वर्षं छापखान्यात काढलीस, तर हे चित्र कुठल्या गिधाडानं काढलंय तेवढं शोधून दे." आपल्या घराण्यात सरळ वाक्य लिहिणारं कुणीतरी आहे, याचं समाधान वाटलं. मी सेमिनरीत सहा वर्षं लॅटिन घोकलं आणि पाद्री न होताच बाहेर पडलो. त्या विद्येचा एकच अवशेष उरलाय: कुठल्याही गोष्टीला थेट हात न घालता तिच्याभोवती प्रदक्षिणा घालत राहायचं.

तुझ्या लेकीच्या, यारेत्सीच्या इतिहासाच्या पुस्तकातलं पान सत्त्याऐंशी पाहिलं. भिंतीला पाठ टेकून, गुडघे वर घेऊन बसलेला माणूस, तोंडावर ओढलेली भलीमोठी गवती टोपी, शेजारी दोन हात वर केलेला निवडुंग. खालच्या ओळी तू आपल्या भाषेत आणून दिल्यास ते बरं केलंस: "मेक्सिकन लोक दुपारच्या झोपेला फार महत्त्व देतात. उद्योगधंद्यांत ते मागे राहण्याचं हेही एक कारण मानलं जातं." 'मानलं जातं' हा प्रयोग फार सोयीचा असतो. कोण मानतं ते सांगावं लागत नाही. मीही तो आयुष्यभर वापरला.

तर अठरा नोव्हेंबरला तुमच्या गावची शाळा-समिती पालकांचं म्हणणं ऐकणार, माणशी तीन मिनिटं, आणि तुला तिथे उभं राहून सांगायचंय की हे चित्र अमक्या परक्या माणसानं आमची चेष्टा करायला काढलं. उद्देश स्तुत्य आहे. पण बाईसाहेब, हा टोपीवाला तुमच्या टेक्सासात टेबलावरच्या दिव्याला टेकून झोपतो, मिठाच्या डबीवर झोपतो, सीमेवरच्या दुकानांत तर मी त्याच्या पोटात थर्मामीटर बसवलेला पाहिलाय. इतक्या लेकरांचा बाप शोधायचा कुठे? तरी चौकशी करतो.

यारेत्सी सतराची झाली म्हणतेस. आई गेली तेव्हा नऊ वर्षांच्या त्या पोरीनं मला आपल्या भाषेत चार ओळींचं पत्र लिहिलं होतं, आणि मी ते लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवलं. बावीस चुका होत्या. तेविसावी कुणाची, ते तू आठ वर्षं गप्प बसून सांगितलंस.

फेर्मीन


ओकोतितान, २९ सप्टेंबर २०१४

दुलिया,

चौकशीचा निकाल निराशाजनक आहे. आमचे मालक डॉन अबुंदियो वारले, छापखाना बंद पडला, जुन्या प्लेटा भंगारात गेल्या. कागदपत्रांवर वाळवीनं इतकं सखोल अध्ययन केलंय की मूळ पाठ उरलेला नाही.

यारेत्सीनं विचारलंय, मामा त्या छापखान्यात नेमकं काय करायचा? तिला सांग, चित्रतक्ते. तिकडे नसतात. इथे गुरुजी गृहपाठ देतात, मूल कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन "झाडांचे भाग द्या", "स्वातंत्र्याचे वीर द्या" असं म्हणतं, आणि दुकानदारीणबाई दोरीला चिमट्यानं लटकवलेला एक कागद काढून देते. पुढच्या बाजूला रंगीत चित्रं, मागच्या बाजूला माहिती. मुलानं चित्रं कापायची आणि वहीत चिकटवायची. मागची माहिती चिकटवताना गोंदाखाली जाते, त्यामुळे ती लिहिणाऱ्याला कुणी कधी जाब विचारत नाही. असा निर्वेध लेखनाधिकार जगात फार थोड्यांना मिळाला असेल.

आता तू टेक्सासवाल्यांना शिव्या घालतेस त्याबद्दल. घाल, हक्क आहे तुझा. पण रविवारी चर्चच्या अंगणात पडदा लावून ते घोडेस्वारांचे सिनेमे दाखवायचे, ते आठव. गोळी लागून पडणारे सगळे आपल्या मामांसारखे दिसायचे, आणि टाळ्या आपणच वाजवायचो. एलियास मामा स्वतः वाजवायचा! आई रोज पाच वाजता मालिका लावून दुधासारख्या गोऱ्या नायिकेसाठी रडायची. तिचा स्वतःचा चेहरा त्या मालिकेत कुणाला होता? दार उघडणाऱ्या मोलकरणीला. "दोन वेण्या घातल्यात बघ तिनं माझ्यासारख्या," असं मोठ्या कौतुकानं म्हणायची. आणि आपली स्वतःची शाळेची पुस्तकं? त्यांत इथला मूळचा माणूस पिरॅमिड बांधून, सोन्याची कर्णफुलं घालून जो मेला तो मेलाच. पुढच्या कुठल्या पानावर बाबांसारखा वीटभट्टीत तो कुणाला दिसला नाही. तात्पर्य, आपल्याला झोपवायला परक्यांचीच गरज होती असं नाही.

तुझे दोन मुद्दे राहिले. असा दोन हातांचा निवडुंग आपल्याकडे उगवत नाही, तो पार उत्तरेकडच्या वाळवंटातला, म्हणजे काढणाऱ्यानं आपला मुलूख पाहिलेलाच नाही, असा तुझा तर्क. तर्क निर्दोष आहे. निर्दोष तर्क किती आत्मविश्वासानं चुकतात ते मी सेमिनरीत पाहिलंय.

दुसरं, त्या माणसाच्या डाव्या चपलेचा पट्टा तारेनं बांधलाय, "बाबांचा असाच होता," असं लिहितेस. अगं, त्या काळी अर्धं राज्य तारेवर चालत होतं. उगाच एका तारेवर विश्वास ठेवू नकोस.

माझं ऐकशील तर हा नाद सोड.

फेर्मीन


ओकोतितान, २१ ऑक्टोबर २०१४

दुलिया,

रविवारी तू फोनवर दहा मिनिटं बोललीस आणि मी फक्त "हं" म्हणत राहिलो. तुझे शब्द अजून कानात आहेत, ते इथे उतरवून ठेवतो, कारण नंतर मला ते सोयीस्करपणे आठवेनासे होतील.

"गुमारो पोरीला आणायला गेला होता," तू म्हणालीस. "पहाटे पाचपासून लोकांच्या छपरांवर डांबर ओतत होता माणूस. शाळेबाहेर ट्रकमध्ये बसल्या बसल्या डोळा लागला. पोरांनी मोबाइलवर फोटो काढला, त्या पानावरची टोपी त्याच्या तोंडावर चिकटवली आणि शाळाभर फिरवला."

"हं."

"चार दिवस झाले, यारेत्सी शाळेत जात नाही. म्हणते, शिक्षणच नको, कोंबड्यांच्या कारखान्यात लागते. आणि आमचा नवरोबा काय म्हणतो ठाऊक आहे? म्हणतो, झोपलो तर होतोच ना मी!"

"हं."

"त्यात कंपनीनं समितीला लिहिलंय की चित्र मेक्सिकन माणसानंच काढलंय, मेक्सिकोतल्या शाळकरी मुलांना तीस वर्षं विकलंय, मग अपमान कसला? खोटारडे मेले. फेर्मीन, तू एक कागद लिहून दे. छापखान्यात इतकी वर्षं होतो, असं चित्र आपल्याकडे कधी छापलेलं नाही, एवढंच. बाकी मी बघते. पोरगी मी त्याच्यावर परत शाळेत पाठवीन."

मी "बघतो" म्हणून फोन ठेवला. दोन दिवस बघतोय.

दुलिया, कंपनी खरं बोलते आहे. तक्ता क्रमांक दोनशे चौदा, 'ग्रामीण जीवन', डावीकडून तिसरं चित्र. तुझं गिधाड मी.

आता प्रदक्षिणा पुरे.

तो माणूस बाबाच आहेत. अठ्ठ्याहत्तर सालचा ठिय्या तुला आठवत असेल, तू बारा वर्षांची होतीस, राजम्याचा डबा आणि फडक्यात गुंडाळलेल्या तोर्तिया घेऊन रोज तिथे जायचीस. गावची विहीर सरबताच्या कारखान्याला दिली होती. वीटभट्टीला पाणी नाही, घराला पाणी नाही. सतरा दिवस माणसं नगरपालिकेच्या भिंतीला टेकून बसली. पोलीस पहाटे उठवायला येतात म्हणून बाबा रात्रभर जागायचे. सोळाव्या दिवशी भर दुपारी, दोन्ही बाजूंना माणसं जागी आहेत हे पाहून, त्यांनी टोपी तोंडावर ओढली. डोक्याशेजारी भिंतीवर कापड होतं. आईची चादर, निळी अक्षरं: "पाणी मिळाल्याशिवाय उठणार नाही."

मी एकवीस वर्षांचा, सेमिनरी सोडलेला, निरुद्योगी. मी ठिय्यात बसलो नव्हतो. समोरच्या झाडाखाली बसून चित्र काढत होतो. दोन्ही बसणंच, पण फरक तुला समजावून सांगायला नको.

ते चित्र मी नोकरीसाठी नमुना म्हणून डॉन अबुंदियोंना दाखवलं.

"हात चांगला आहे रे तुझा," ते म्हणाले. "पण हे फडकं काढ. शाळेसाठी हवंय, मोर्च्यासाठी नाही."

"मग तिथे मोकळं दिसेल, साहेब."

"काहीतरी घाल की! निवडुंग घाल. मेक्सिको वाटलं पाहिजे."

मेक्सिकन माणसानं मेक्सिकन मुलांसाठी काढलेलं मेक्सिकोचं चित्र मेक्सिको वाटायला हवं होतं. मी विचारलं नाही, कुणाला. दोन हातांचा निवडुंग मी जन्मात पाहिला नव्हता. चर्चच्या अंगणातल्या पडद्यावर पाहिला होता. त्याच्याआडून नायक मामांवर गोळ्या झाडायचा. तोच काढला. सोमवारपासून कामावर ये म्हणाले.

मागचा मजकूरही माझाच. "दुपारी शेतकरी विश्रांती घेतो. सरकारने गावोगावी पाणी आणले." पहिल्या वाक्यात बाबांना झोपवलं, दुसऱ्यात त्यांचं पाणी दुसऱ्याच्या नावावर केलं. इतकं संक्षिप्त लेखन मला पुन्हा जमलं नाही. पुढे डॉन अबुंदियोंनी सगळी चित्रं सीमेपलीकडच्या कुणाला तरी विकली, तिथून ती तुमच्या सत्त्याऐंशी पानावर पोचली असावीत. मालक वारले हे खरं. वाळवी माझी.

बाबांनी तो तक्ता पाहिला होता. कोपऱ्यावरच्या त्या दुकानदारीणबाईच्या, दोन्या तेओफिलाच्या दुकानात, दोरीवर. मी शेजारी उभा होतो. बराच वेळ पाहिलं त्यांनी.

"कापड कुठंय?"

"जागा नव्हती, बाबा."

"निवडुंगाला होती."

एवढंच. त्यानंतर अठरा वर्षं जगले आणि माझ्याशी फक्त हवापाण्याचं बोलले. तू विचारायचीस, बाबा दादाशी असे का वागतात? मी सांगायचो, वय झालंय.

तर तुला हवा तो कागद मी लिहू शकत नाही. पण पेन्सिलीचं मूळ चित्र माझ्याकडे आहे, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. त्यात कापड आहे. ते दाखवलंस तर काय पुसलं गेलं ते समितीला दिसेल. मात्र कुणी पुसलं तेही सांगावं लागेल, आणि कंपनीची बाजू खरी ठरेल. ठरव.

फेर्मीन


ओकोतितान, ४ नोव्हेंबर २०१४

दुलिया,

तुझं पत्र मिळालं. "पाठव. नाव सांगणार आहे." बस्स. तू शिव्या लिहिशील या अपेक्षेनं मी चष्मा पुसून बसलो होतो. त्याऐवजी चार शब्द. शब्दांची काटकसर बाबांकडून माझ्यात आली नाही, तुझ्यात गेली.

चित्र कुरियरनं पाठवलंय, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. खालच्या कोपऱ्यातला डाग राजम्याचा आहे. तू डबा घेऊन माझ्यापाशीही थांबायचीस, ते मी विसरलो होतो.

परवा मृतांच्या दिवशी आई-बाबांच्या थडग्याशी जाऊन बसलो. झेंडू वाहिला, बाबांची बिअर ठेवली. ऊन फार होतं, टोपी पुढे ओढून जरा डोळे मिटले. उघडतो तर समोर तांबड्या तोंडाची एक बाई गुडघे टेकून माझा फोटो काढतेय. "थँक्यू," म्हणाली, आणि इतकी गोड हसली की रागावताही येईना. आता मी कुणाच्या कुठल्या पानावर जातो ते पाहायचं. माझ्या शेजारी काय घालतील ते मात्र माझ्या हातात नाही.

नाव सांगणार असशील तर पुरतं सांग: फेर्मीन रोसालेस कुआत्ली. तक्त्यांवर सही करायची पद्धत नव्हती, मला ते फार मानवलं. तिकडे शेवटचं, आईचं आडनाव गाळतात म्हणे. गाळू देऊ नकोस. चादर तिची होती.

फेर्मीन


ओकोतितान, ९ डिसेंबर २०१४

दुलिया,

तू लिहिलं नाहीस, यारेत्सीनं लिहिलं. तीन पानं, आपल्या भाषेत. त्यावरून मला सभेचा वृत्तान्त कळला तो असा, काही चुकलं असेल तर सांग.

तू उभी राहिलीस. यारेत्सी शेजारी दोन्ही हातांनी चित्र धरून. तू कापडावरचे शब्द वाचून दाखवलेस, मग सांगितलंस की सतराव्या दिवशी पाणी आलं आणि त्या नळाचं पाणी पिऊन तू मोठी झालीस. एक टायवाले गृहस्थ म्हणाले, "म्हणजे बाई, हे तुमच्या सख्ख्या भावानं काढलंय?"

"हो. फेर्मीन रोसालेस कुआत्ली."

"मग तुमची तक्रार नक्की कुणाविरुद्ध आहे?"

"दोघांविरुद्ध," तू म्हणालीस.

यारेत्सी लिहिते, तेव्हा सगळे हसले आणि तू हसली नाहीस. मीही इथे हसलो नाही. माझ्याविरुद्ध इतका न्याय्य शब्द बाबांनंतर कुणी उच्चारला नव्हता.

सहा विरुद्ध तीन मतांनी पुस्तक मंजूर झालं. पालकांच्या भावनांचा आदर म्हणून चित्रात दुरुस्ती. दुरुस्त पानाची प्रत यारेत्सीनं सोबत जोडलीय. ती पाहून मी बाहेर अंगणात जाऊन आलो, पुन्हा पाहिली. भिंत आहे. निवडुंग आहे. माणूस काढून टाकलाय. खालच्या ओळी जशाच्या तशा. आता मेक्सिकन लोक दुपारच्या झोपेला महत्त्व देतात याचा पुरावा म्हणून भर उन्हात एक निवडुंग उभा आहे.

दुलिया, त्या अख्ख्या चित्रात खोटी गोष्ट एकच होती. तेवढीच ठेवली त्यांनी.

यारेत्सी शाळेत जाऊ लागली, हे वाचून बरं वाटलं. गुमारोची टोपी घालून गेली आणि पहिल्याच तासाला शिक्षकांनी उतरवायला लावली, वर्गात टोपी चालत नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी पुन्हा घालून गेली. रोज उतरवते, रोज घालते. सतरा दिवस मोजायला सांग तिला. तिच्या पत्रात चुका किती होत्या ते मी मोजलेलं नाही. शेवटची ओळ अशी आहे: "मामा, तुझा चित्र चांगला आहे. झाड वाईट." यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

काल दोन्या तेओफिलाच्या दुकानात गेलो. सत्त्याऐंशी वर्षांची झाली, अजून गल्ल्यावर बसते.

"ग्रामीण जीवन आहे का? दोनशे चौदा?"

"आहे की. साठ-पासष्ट पडलेत. तुला कशाला? या वयात गृहपाठ दिला का कुणी?"

"मागचा मजकूर चुकलाय. दुरुस्त करायचाय."

"मागचं कोण वाचतंय, फेर्मीन! पोरं कापतात नि चिकटवतात."

मी मुकाट्यानं सगळे घरी आणले. बाई म्हणाली ते शास्त्रवचनासारखं अचूक होतं. मजकूर बदलून उपयोग नव्हता. मग मीही मुलांसारखंच केलं. पातळ पांढऱ्या कागदावर ती चादर काढली, निळ्या शाईनं अक्षरं घातली, कात्रीनं कापली आणि एकेका निवडुंगावर चिकटवत गेलो. आज संध्याकाळपर्यंत एकसष्ट झाले. उद्या ते परत तिच्या दोरीवर जातील. गुरुजी विचारतील तेव्हा विचारतील.

आशीर्वादाची जागा तू अजून कोरीच ठेवली आहेस, आणि यारेत्सीच्या पाकिटावर तुझ्या अक्षरात अजून नुसतं 'फेर्मीन' आहे. तक्रार नाही. फक्त एक गोष्ट बाबांना सांगायची राहिली होती, ती तुला सांगतो, कारण आता ऐकायला तूच आहेस. कापड बरोबर मावतं. काठोकाठ, चारही कोपरे. कुठे कापावं लागलं नाही, दुमडावं लागलं नाही.

जागा होती.

फेर्मीन रोसालेस कुआत्ली